कारखान्याची भिंत

अम्मीच्या घराला रंग द्यायचं ठरलं त्याचं कारण लग्न नव्हतं, ईदही नव्हती. कारण होतं तिचा खोकला. 2024 च्या पावसाळ्यात तो सुरू झाला आणि दिवाळी उलटून गेली तरी थांबेना. डॉक्टरांनी तपासलं, इन्हेलर लिहून दिला आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" अम्मी म्हणाली, "ओल कुठल्या घरात नसते?" डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण ती झोपते त्या खोलीतलं कपाट पुढे ओढून मी मागे पाहिलं होतं. भिंतीवर काळ्या बुरशीचा एक मोठा नकाशा होता.

घर मोमिनपुऱ्यात आहे. शंभरेक वर्षांचं असावं. विटा, मातीचा आणि चुन्याचा दर्जा, सागवानी तुळया, मधोमध लहानसं अंगण. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की आमच्या बैठकीत ठसका लागतो. उजेड येतो तो अंगणातूनच. भाईजानने उपाय काढला तो पीव्हीसी पॅनेलचा. सगळ्या भिंतींवर पॅनेल ठोकायचे, दोन दिवसांत काम, संगमरवरासारखं घर. धाकट्याचं म्हणणं, घर विकून टाका आणि अम्मीला जाफरनगरला आणा. अम्मी दोघांचंही ऐकून घ्यायची आणि वुजू करायला उठून जायची. तिचा नकार असाच असतो.

पॅनेलचा माणूस मोजमाप घेऊन गेला, त्याच आठवड्यात मी आमच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. ते टिमकीकडे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी दिवाळीला हिंदूंची घरं रंगवली आणि ईदेला आमची. अब्बा गमतीने म्हणायचे, मिस्त्रींइतकं चांद्र पंचांग मौलवींनाही पाठ नसेल. त्यात तथ्य होतं. दिवाळी कधीही आली तरी पाऊस संपत आल्यावरच येते. ईद मात्र दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत जाते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. कधी ती थंडीत असते, कधी भर पावसात. 2016 मध्ये ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. त्याच वर्षी आम्ही हौसेने सगळ्या घराला पुट्टी मारून प्लास्टिक इमल्शन लावलं होतं. मिस्त्रींना विचारलं नव्हतं. एका दुकानदाराने दुसरा कारागीर दिला होता आणि त्याला ईदेच्या आधी काम संपवायचं होतं. ओल्या भिंतीवर आम्ही रेनकोट चढवला आणि पुढची आठ वर्षं तो फुगत गेला, फुटत गेला.

मिस्त्रींनी बोटाच्या पेराने भिंत वाजवत वाजवत सगळं घर फिरून पाहिलं. पुट्टी पोकळ वाजत होती. शेवटी म्हणाले, "ताई, ह्या भिताडाले काही रोग नाही. तुमीच तिचं नाक दाबून ठेवलं."

सर्वांत वाईट भिंत होती ती मागच्या खोलीची. आमच्याकडे त्या खोलीला अजून 'कारखाना' म्हणतात, जरी तिथे आता अम्मीचा पलंग आणि धुण्याचं यंत्र आहे. उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांची ही वस्ती. माझे पणजोबा आणि दादा तिथेच खड्डामागावर बसून लुगडी विणायचे. पाय खड्ड्यात, कंबर जमिनीच्या पातळीवर, आणि समोर ताणा. लहानपणी मला वाटायचं, खड्डा खणला तो पाय सोडण्यासाठी, पायाखालच्या पावड्यांसाठी. ते खरंच आहे, पण तेवढंच नाही. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो आणि तुटतो. नागपूरच्या मेमध्ये पारा 45 च्या वर जातो आणि हवेत टिपूसभर ओलावा नसतो, तेव्हा जमिनीलगतचा गारवाच विणकराला वाचवतो. दादी उन्हाळ्यात कारखान्याची जमीन मुद्दाम पाण्याने शिंपायची, हे अम्मीने पाहिलं आहे. म्हणजे जी ओल आज आम्हाला शत्रू वाटते, तीच एके काळी या घराचं पोट भरत होती. माग गेला, खड्डा मलब्याने बुजवला, वर शहाबादी फरशी आणि नंतर टाइल्स बसल्या. जमिनीतल्या ओलीचा वर यायचा रस्ता बंद झाला. ती गेली बाजूच्या भिंतीत. भिंतीला खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तेलकट ऑइल पेंटचा पट्टा, पुसायला सोपा म्हणून. मग ती पट्ट्याच्याही वर चढली. तुमच्या घरात ऑइल पेंटच्या पट्ट्याच्या वरच नेमके पोपडे येत असतील, तर हेच चाललं आहे असं समजा. पट्टा वाढवून चार फूट केला तर ओल पाच फुटांवर जाईल.

फेब्रुवारीत काम सुरू केलं. शब-ए-बरातच्या आधी घर साफ व्हावं असा अम्मीचा हट्ट. पूर्वी सगळ्या मोहल्ल्यात त्याच दिवसांत सफेदी व्हायची आणि मग पंधरा दिवसांनी रमजान. चुन्यासाठीही हेच दिवस चांगले. पावसात चुना वाळत नाही आणि मेमध्ये इतक्या लवकर वाळतो की हात लावला की भुकटी निघते.

खरवडायला घेतलं तेव्हा घराचा हिशेब उलटा निघायला लागला. सगळ्यात वर 2016 चं 'आयव्हरी', त्याखाली बदामी डिस्टेंपर, त्याखाली पिस्ता हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवाच पण गडद, त्याखाली पांढऱ्याचे पुष्कळ पापुद्रे, आणि कारखान्यात सगळ्यांच्या तळाशी एक फिरोजी. तसा रंग मी कोणत्याही शेडकार्डवर पाहिलेला नाही. अम्मी म्हणाली, दादा चुन्यात मोरचूद घालायचे. किडे-ढेकूण येत नाहीत म्हणून.

मोरचूद आणि चुना! काटोल-वरुडकडे जाताना संत्र्याच्या झाडांची खोडं कमरेएवढी निळसर रंगवलेली दिसतात ना, ते हेच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. शेतकरी त्याला बोर्डो पेस्ट म्हणतात, खोडाला डिंक्या होऊ नये म्हणून लावतात. आमच्या दादांनी संत्र्याची बाग कधी लावली नाही, पण भिंतीला तेच औषध दिलं होतं. अर्थात आज मी कुणाला हे करायला सांगणार नाही. मोरचूद विषारी असतं आणि घरात रांगतं पोर आहे.

विषाचा विषय निघाला म्हणून दारांबद्दल इथेच सांगते. जुनी दारं-खिडक्या सँडपेपरने कोरडी घासू नका. आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्यात, शिसं भरपूर असू शकतं. घासलं की त्याची धूळ होते, धूळ फरशीवर बसते, आणि फरशीवर बाळ असतं. शिशाचं 'एवढं चालतं' असं काही प्रमाण नाही. आम्ही दारं ओली करून खरवडली, खाली प्लास्टिक अंथरलं, बाळाला आठ दिवस जाफरनगरला पाठवलं. मिस्त्रींना मास्क दिला तर त्यांनी तो हनुवटीला लावला. रोज सांगावं लागायचं. रंगाखालून सागवान निघालं, इतकं देखणं की भाईजानही गप्प झाला. त्याला जवसाचं तेल पुसलं, बस्स. (तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवा.)

आता त्या हिरव्याबद्दल.

बैठकीतला पिस्ता हिरवा मला लख्ख आठवतो. माझं सगळं लहानपण त्या भिंतीला टेकून गेलं. तेव्हा तो 'मुसलमानी' रंग आहे असं मला माहीतच नव्हतं, कारण तो माझ्या शाळेचाही रंग होता, सरकारी दवाखान्याचाही, आणि आईबरोबर इतवारीत ज्या काकूंकडे पापड लाटायला जायचो त्यांच्या देवघराचाही. डिस्टेंपरमध्ये परवडणारे रंग मोजकेच असत. पिस्ता, आकाशी, गुलाबी, बदामी. पिस्ता मळखाऊ, डोळ्यांना थंड, उन्हाळ्यात बरा वाटणारा. मग एके दिवशी तो गेला. शाळेतून आले तर अब्बा बनियनवर स्टुलावर उभे आणि अर्धी भिंत बदामी. अब्बा कचेरीत कारकून होते, कधी ब्रश हातात धरलेला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "उजेड कमी पडतो."

इतक्या वर्षांत मी तेच खरं धरून चालले. बदामी भिंत उजेड जास्त परतवते, यात खोटं काही नाही. या वेळी खरवडताना तो हिरवा वर आला, तेव्हा मी अम्मीला म्हणाले, "अब्बांचं बरोबर होतं. इथे उजेड कमीच आहे." अम्मी तसबीह ओढत बसली होती. न थांबता म्हणाली, "उजेडाचं नव्हतं ते."

1993 ची ईद मार्चच्या अखेरीस होती. डिसेंबरनंतरची पहिली ईद. दर वर्षी अब्बांच्या कचेरीतले सात-आठ जण शीरखुर्मा प्यायला यायचे. त्या वर्षी दोघेच आले. त्यांतल्या एकाने खुर्चीवर बसता बसता भिंतीकडे पाहिलं आणि हसून म्हटलं, अरे वा, इथेच पाकिस्तान करून ठेवलंय की. दुसरा कसनुसा झाला. अब्बा हसले. वाटी पुढे केली. ते गेल्यावरही काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी बदामीचा डबा घेऊन आले.

"मिस्त्रींना का नाही बोलावलं?" मी विचारलं.

"त्यांना कारण काय सांगणार होते?"

मिस्त्री तिथेच शिडीवर होते. त्यांनी ऐकलं असणारच. खरवडणं थांबलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

मी त्या रात्री घरी आले आणि ठरवून टाकलं की बैठक हिरवीच होणार. शेडकार्ड घेऊन बसले. मोबाइलवर शोधलं तर काय! बाहेरच्या जगात सध्या हिरव्याचीच चलती. सेज म्हणतात, ऑलिव्ह म्हणतात, मॉस म्हणतात. मासिकांतली घरं त्याच रंगाने रंगलेली. म्हणजे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जो रंग 'शांत' आणि 'निसर्गाच्या जवळचा', तोच मोमिनपुऱ्याच्या बैठकीत लागला की त्याचा अर्थ बदलतो. मला राग आला होता आणि तो राग मी भिंतीवर काढणार होते, हे आता कळतं.

धाकट्याने तेवढ्यात नवं पिल्लू सोडलं. गाईच्या शेणापासून केलेला खादीचा 'प्राकृतिक पेंट' लावू या. आपल्या नागपूरच्याच खासदारांनी, गडकरींनी, 12 जानेवारी 2021 ला त्याचं उद्घाटन केलं होतं. वास नाही, शिसं नाही, बुरशी धरत नाही असा दावा. भाईजान भडकला, भिंतीला टेकून नमाज पढणार का? हनफी फिकहमध्ये शेण नापाक, हे त्याचं म्हणणं बरोबर. मालिकी आणि हंबली मत वेगळं आहे, हे धाकट्याचं म्हणणंही बरोबर. दोघे अर्धा तास भांडले. अम्मीने तिच्या माहेरची, काटोलकडच्या खेड्याची गोष्ट सांगून तो वाद संपवला. तिथे तिची नानी दर जुमेरातला ओसरी शेणाने सारवायची आणि त्यावर चटई टाकून नमाज पढायची. "नापाकही माहीत होतं आणि शेणही लागायचं. चटई कशाला असते?" पेंट मात्र आणला नाही. चुना स्वस्त पडत होता.

तर चुना. मिस्त्रींनी कटनीचा कळीचा चुना आणला, पिंपात पाणी घालून विरवला. तो रटरटायला लागतो तेव्हा मुलांना लांब ठेवा, डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. आठ दिवस मुरू दिला, फडक्यातून गाळला, डिंकाचं पाणी घातलं, पांढऱ्यासाठी चिमूटभर नीळ. खालच्या तीन फुटांतला सिमेंटचा गिलावा काढून तिथे चुना, रेती आणि विटांच्या सुरखीचा गिलावा केला. तीन आठवडे तो तसाच उघडा ठेवला. शब-ए-बरात भिंती उघड्या ठेवूनच झाली. अम्मी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग पातळ, अगदी दुधासारखे, चार हात. लावताना काहीच दिसत नाही, वाटतं मिस्त्री पाणीच लावतायत. दुसऱ्या दिवशी भिंत उजळते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत जातो, ते काम सावकाश चालतं. त्याच्या क्षारपणामुळे बुरशी धरत नाही आणि आतली ओल बाहेर पडायला वाट राहते. तोटाही सांगते. तो अंगाला लागतो. टेकून बसलात की पाठ पांढरी. भाईजान म्हणाला, "मिस्त्रींनी आपल्याला चुना लावला." हा विनोद त्याने आठवडाभर पुरवला.

चुन्यात कोणताही रंग चालत नाही, बरेच रंग त्यात मरतात. गेरू चालतो, पिवळी माती चालते, नीळ चालते. ज्यांची घरं आमच्यासारखी अंगणातून उजेड घेणारी आहेत, त्यांनी शुभ्र पांढऱ्याच्या मागे लागू नये. अंधाऱ्या खोलीत तो राखाडी दिसतो. पिवळ्या मातीची जरा झाक दिली की तीच भिंत दुपारी चारला उबदार वाटते. छत मात्र पांढरंच ठेवा. आणि शेडकार्डवर विसंबू नका. भिंतीवरच दोन-दोन फुटांचे चौकोन लावून ते सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात, असे दोन दिवस पाहा. आम्ही लावलेल्या पाच चौकोनांपैकी दुकानात सर्वांत आवडलेला एलईडीखाली थेट आजारी दिसत होता.

त्या पाचांत माझा हिरवाही होता. अम्मीला समोर उभं केलं. म्हटलं, "अब्बांनी घाबरून काढला, आता आपण परत लावू." तिने बराच वेळ पाहिलं. मग बदामीच्या जवळचा, पिवळ्या मातीचा चौकोन दाखवला.

"हाच. बैठकीत हाच."

"का?"

"ते घाबरले असतील. पण लावला त्यांनी स्वतःच्या हाताने. खांदा आठ दिवस दुखत होता, मी तेल लावायची. तू तो पुसून तिथे त्या माणसाला उत्तर देणार. तो माणूस तर कधी परत आलाच नाही."

मला पटलं असं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण घर तिचं आहे.

हिरवा गेला कारखान्यात. भिंतीवर नाही, कोनाड्यांत. तिथे तीन कोनाडे आहेत, एकात पूर्वी दादांचे धोटे असायचे. जुन्या घरात नवं काही करायचं तर मला हे सगळ्यांत आवडलं. भिंत फिकी ठेवायची आणि कोनाड्याच्या आत गडद रंग भरायचा. खोली खोल वाटते, आणि चूक झाली तर अर्ध्या दिवसात बदलता येते. एका कोनाड्यात मिस्त्रींनी जुना फिरोजी तळहाताएवढा तसाच राखला, कडा गोल करून. मी सांगितलं नव्हतं.

2025 ची ईद 31 मार्चला झाली. मिस्त्री नातवाला घेऊन शीरखुर्म्याला आले. बैठकीत त्यांनी खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतली, नवा सदरा होता.

पावसाळा गेला. कारखान्याच्या भिंतीला खालच्या फूटभरात पुन्हा पांढरी मिठं फुटली आहेत, थोडी भुकटी पडते. मिस्त्री म्हणतात, दोन-तीन वर्षं पडेल, आतलं मीठ बाहेर येऊ द्या, कोरड्या ब्रशने झाडत राहा. कपाटामागे बुरशी नाही, कपाट आता भिंतीपासून चार बोटं लांब आहे. अम्मीचा इन्हेलर सुटलेला नाही, पण रात्री उठून बसावं लागत नाही. विरवलेला चुना एका डब्यात पाण्याखाली ठेवून दिलाय. खालचा हात पुन्हा द्यायचा आहे. मिस्त्रींची दिवाळीची कामं उरकली की येतो म्हणाले.